स्टेंट टाकायचा का? घाई कधी करायची आणि थांबायचं कधी

आमच्या घरात चार वर्षांच्या अंतराने दोघांची अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाच्या धमन्यांची तपासणी, झाली. पहिली माझ्या मोठ्या दिरांची, ते भांडुपला राहतात. दुसरी माझ्या वडिलांची, अण्णांची. ते गिरगावच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. दोघांच्याही फायलीत ‘ब्लॉकेज’ हाच शब्द होता आणि दोघांनाही स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी, सांगितला होता. भाऊजींच्या वेळी आम्ही दोन तास घालवले आणि ते त्यांच्या हृदयाला कायमचे नडले. अण्णांच्या वेळी सगळ्यांचा जीव टांगणीला लागलेला असताना आम्ही थांबलो आणि थांबल्यामुळे त्यांचं काहीही बिघडलं नाही. ‘ब्लॉकेज’ या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळे प्रसंग असतात, हे कळायला आम्हाला एवढी वर्षं लागली.

मी डॉक्टर नाही, निवृत्त शिक्षिका आहे. पण तेव्हापासून नात्यातली, इमारतीतली माणसं फाइल घेऊन येऊन बसतात. त्यांच्याबरोबर बऱ्याच ओपीडींच्या बाकांवर बसले, डॉक्टरांना प्रश्न विचारले, समजलं नाही तर पुन्हा विचारले. त्यांना जे ज्या क्रमाने सांगते, ते इथे लिहिते आहे. निर्णय तुमच्या डॉक्टरांबरोबरच घ्यायचा आहे. फक्त त्यांच्यासमोर बसताना काय विचारायचं, ते आधीच माहीत असलेलं बरं.

पायरी १ : अटॅक आहे की नाही, हे आधी ठरू द्या

बाकीचं सगळं यानंतर.

छातीत मधोमध दाब, आवळल्यासारखं किंवा भरून आल्यासारखं वाटणं, कळ डाव्या हातात, जबड्यात, पाठीत जाणं, दरदरून घाम, आणि स्वस्थ बसूनही पंधरा-वीस मिनिटांत न थांबणारं दुखणं, ही अटॅकची नेहमीची लक्षणं. बायकांना आणि मधुमेह असलेल्यांना कधीकधी छातीत दुखतच नाही. नुसती धाप लागते, मळमळतं किंवा कधी नव्हे असा थकवा येतो. भाऊजींचा पहाटे जबडा दुखत होता. आम्ही आधी दाढेवर लवंग ठेवली, मग गॅस असेल म्हणून ओव्याचं पाणी दिलं, मग उजाडायची वाट पाहिली. ते दोन तास मी अजून विसरलेले नाही.

अशा वेळी १०८ ला फोन करा किंवा हाताशी असेल त्या गाडीने निघा. रुग्णाने स्वतः गाडी चालवायची नाही आणि जिने उतरायचे नाहीत. चाळीत लिफ्ट नसते. शेजारच्या दोन मुलांना हाक मारा आणि खुर्चीत बसवून खाली न्या. अॅस्पिरिनची अॅलर्जी किंवा पोटात रक्तस्राव झाल्याचा इतिहास नसेल, तर फोनवरचे डॉक्टर सहसा ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायला सांगतात. जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवायची आपल्याकडे फार सवय आहे. पण रक्तदाब उतरलेला असेल तर ती धोक्याची ठरते, म्हणून कुणाच्या तरी घरातली उचलून देऊ नका.

रुग्णालयात पोहोचल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघायला हवा. मोठा अटॅक असेल तर हृदयाची एक धमनी गुठळीने पूर्ण बंद झालेली असते आणि तिच्यावर जगणारा स्नायू मिनिटागणिक मरत असतो. बलूनने ती धमनी उघडून स्टेंट बसवला (याला अँजिओप्लास्टी म्हणतात), की जीव वाचतो आणि स्नायूही वाचतो. दारात पोहोचल्यापासून ९० मिनिटांच्या आत धमनी उघडावी, असं मानक आहे. इथे फायदा-तोटा तोलत बसायचं नसतं. पुण्याहून मुलगा येईपर्यंत थांबायचं नसतं. दुसरं मतही घ्यायचं नसतं. सही करायची.

जवळपास कॅथ लॅब, म्हणजे अँजिओप्लास्टी करायची सोय असलेली खोली, नसेल आणि दोन तासांत तिथे पोहोचणं शक्य नसेल, तर आहे तिथेच गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देतात आणि मग अँजिओग्राफीसाठी हलवतात. ‘फक्त इंजेक्शनच दिलं’ म्हणून नाराज होऊ नका. वेळेवर दिलेलं इंजेक्शन हा योग्यच उपचार आहे.

मुंबईकरांनी एक काम आजच करून ठेवावं. आपल्या घराजवळ चोवीस तास चालणारी कॅथ लॅब कुठे आहे, ते शोधा. फोन करून सरळ विचारा, “रात्री दोन वाजता अँजिओप्लास्टी होते का?” नुसता ‘हृदयरोग विभाग’ असा बोर्ड असून भागत नाही. संध्याकाळी सहा वाजता अंधेरीहून दक्षिण मुंबईतल्या नावाजलेल्या रुग्णालयाकडे निघणं म्हणजे हृदयाचा स्नायू हायवेवर सोडून देणं. पावसाळ्यात हिंदमातेला पाणी भरलं, की परळ गाठायलाही किती वेळ लागेल, याचा नेम नसतो. जवळचं ते चांगलं.

मोठ्या अटॅकच्या अलीकडे एक मधली अवस्था असते. दुखणं थांबलेलं असतं, ईसीजी फारसा बिघडलेला नसतो, पण रक्तातलं ट्रॉपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याची खूण) वाढलेलं असतं. किंवा बसल्याजागी, झोपेत दुखायला लागलेलं असतं. इथे काही तास ते एक-दोन दिवस असतात, महिने नव्हे. बहुतेकांची अँजिओग्राफी एका दिवसाच्या आत होते. या गटातही योग्य ठिकाणी टाकलेल्या स्टेंटने पुढचा अटॅक टळण्याची शक्यता वाढते. म्हणून दाखल व्हा, घरी जाऊ नका.

पायरी २ : अटॅक नसेल, तर ब्लॉकेज म्हणजे नेमकं काय ते समजून घ्या

पुढचं सगळं अण्णांसारख्यांसाठी आहे. चालताना, चढताना छातीत भरून येतं, थांबलं की दोन-चार मिनिटांत बरं वाटतं, आणि गेले काही महिने हे असंच आहे, वाढलेलं नाही. याला स्थिर अंजायना म्हणतात. किंवा काहीच त्रास नाही, पण कंपनीच्या तपासणीत स्ट्रेस टेस्ट पॉझिटिव्ह आली.

आपल्या डोक्यात घरातल्या नळाचं चित्र असतं. नळात कचरा अडकला, काढला, पाणी सुरू. ‘सत्तर टक्के ब्लॉक आहे, उद्या शंभर टक्के होईल’ ही भीती त्या चित्रातून येते. धमनी तशी नसते. चरबीचा थर धमनीच्या भिंतीत असतो आणि बरेचसे अटॅक अशा थरांवरून येतात जे फार अरुंद करणारेही नसतात. मऊ थराचं आवरण फाटतं, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि धमनी काही मिनिटांत बंद होते. उलट, वर्षानुवर्षांचा कडक झालेला ८० टक्क्यांचा ब्लॉक तसाच पडून राहू शकतो.

स्टेंट ही दोन-तीन सेंटिमीटरची जाळीदार नळी. आपल्याकडे जुनी माणसं तिला ‘स्प्रिंग’ म्हणतात. ती बसते तेवढी जागा ती उघडी ठेवते. बाकीच्या धमन्यांमधले थर तिला दिसतही नाहीत. त्यांच्यावर काम करतात ते कोलेस्टेरॉलच्या गोळ्या म्हणजे स्टॅटिन, अॅस्पिरिन, रक्तदाब आणि साखरेवरचा ताबा आणि तंबाखू सोडणं. म्हणूनच ‘स्टेंट टाकला, आता गोळ्या कशाला’ हे वाक्य ऐकलं की मला धडकी भरते.

हे केवळ तर्काने सांगत नाही. २००७ मध्ये करेज नावाच्या अभ्यासाचा निकाल आला. स्थिर आजाराचे २,२८७ रुग्ण होते. निम्म्यांना गोळ्यांबरोबर अँजिओप्लास्टी, निम्म्यांना फक्त गोळ्या. मृत्यू आणि अटॅक दोन्हीकडे सारखेच. मग लोक म्हणाले, त्यात फार गंभीर रुग्ण नव्हते, स्टेंटही जुन्या पद्धतीचे होते. म्हणून इस्केमिया नावाचा आणखी मोठा अभ्यास झाला. ३७ देशांतले ५,१७९ रुग्ण, त्यात भारतातलेही होते, आणि तपासणीत हृदयाला मध्यम ते तीव्र रक्तपुरवठा कमी पडतो असं दिसलेले. २०२० मध्ये तो छापून आला. सरासरी तीनेक वर्षांत अँजिओग्राफी करून स्टेंट किंवा बायपास केलेल्या गटात १४५ मृत्यू आणि आधी गोळ्यांवर ठेवलेल्या गटात १४४. अण्णांच्या डॉक्टरांनी हे दोन आकडे त्यांच्या फाइलच्या मागच्या बाजूला लिहून दिले होते. ते कागदावर पाहिले आणि घरातली निम्मी भीती ओसरली.

पण याचा अर्थ स्टेंट निरुपयोगी, असा मुळीच नाही. याच अभ्यासात ज्यांना रोज किंवा दर आठवड्याला छातीत दुखत होतं, त्यांच्यातले वर्षभरानंतर पूर्ण दुखणं थांबलेले स्टेंट-बायपासच्या गटात सुमारे निम्मे होते. गोळ्यांच्या गटात साधारण पाचातला एक. हा फरक मोठा आहे. आणि आधी गोळ्यांवर ठेवलेल्यांपैकी साधारण पाचातल्या एकाला चार वर्षांच्या आत कधीतरी स्टेंट किंवा बायपास करावंच लागलं. थांबणं म्हणजे कायमचा नकार नव्हे.

म्हणजे अटॅक नसताना स्टेंटचा मुख्य फायदा आयुष्य वाढवण्यात नाही, त्रास कमी करण्यात आहे. त्रासच नसेल, तर स्टेंटने नेमकं काय मिळणार, हे विचारलंच पाहिजे.

पायरी ३ : आपला त्रास मोजा

डॉक्टर विचारतात, “किती दुखतं?” आणि आपण म्हणतो, “थोडं थोडं.” याने काहीच ठरत नाही. आठवडाभर वहीत लिहा. दादरचा पूल चढताना कुठे थांबावं लागतं? चाळीचा कितवा जिना? भाजीची पिशवी हातात असताना की रिकाम्या हातानेही? जेवणानंतर चाललं तर जास्त होतं का? पूर्वी स्टेशनपर्यंत न थांबता जात होता, आता किती वेळा थांबता? अण्णांच्या वहीत होतं : ‘दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबलो, दोन मिनिटं. आठवड्यात चार वेळा.’ त्यांच्या गोळ्या याच वहीवरून वाढवल्या, बदलल्या.

त्रास अचानक वाढला, कमी श्रमात व्हायला लागला किंवा बसल्याजागी आला, तर वही बाजूला ठेवा आणि पायरी १ वर जा.

पायरी ४ : अँजिओग्राफीच्या कागदावर सही करण्याआधी

स्थिर आजाराच्या माणसाच्या बाबतीत सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा थांबून सांगते.

अँजिओग्राफी ही तपासणी आहे. मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी घालून हृदयाच्या धमन्यांत डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारं द्रव्य, सोडतात आणि चित्र घेतात. अँजिओप्लास्टी हा उपचार आहे. दोन्ही एकाच टेबलावर, एकामागोमाग होऊ शकतात आणि संमतीपत्रावर बहुतेक वेळा लिहिलेलं असतं, ‘अँजिओग्राफी आणि गरज भासल्यास अँजिओप्लास्टी’. अण्णांच्या कागदावर माझ्या भावाने ते न वाचताच सही केली होती. अर्ध्या तासाने कॅथ लॅबचं दार उघडलं, हिरव्या कपड्यातले डॉक्टर बाहेर आले. “उजव्या धमनीत ७५ टक्के आहे. आत्ताच टाकून घेऊ या का? पाच मिनिटांत सांगा.” अण्णा आत टेबलावर, आई बाकावर रडायला लागलेली, भाऊ पांढराफटक. त्या पाच मिनिटांत कुणीही ‘हो’ म्हणेल. माझ्या भावाने कसाबसा एकच प्रश्न विचारला, “आज टाकला नाही तर आज काही होईल का?” डॉक्टर प्रामाणिक होते. म्हणाले, “नाही, आज काही नाही.” अण्णा संध्याकाळी घरी आले.

हे बोलणं आदल्या दिवशी, सगळे शांत असताना करा. डॉक्टरांना सांगा : डावी मुख्य धमनी अरुंद निघाली किंवा जिवाला तातडीचा धोका दिसला तर तुम्ही ठरवा. पण एखाद-दुसरा साधा ब्लॉक निघाला तर आधी टेबलावरून उतरवा, आपण बसून बोलू. संमतीपत्रावर तसं लिहूनही घेता येतं. त्यात डॉक्टरांचा अपमान नाही. एकाच वेळी दोन्ही केलं तर नळी एकदाच घालावी लागते, डाय आणि खर्च वाचतो, हा त्यांचा मुद्दाही खरा आहे. ज्याला गोळ्या पुरेशा घेऊनही रोज दुखतं, त्याने आधीच विचार करून ‘दोन्ही एकदम करा’ म्हटलं तर ते शहाणपणाचंच.

सहीआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) तपासलेलं आहे ना, ते पाहा. डायचा भार मूत्रपिंडावर पडतो. आधीच क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर डाय कमी वापरतात, सलाइन देतात. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर ती थांबवायची का, ते विचारा. पूर्वी कधी डायने अंगावर पित्त उठलं असेल, श्वास अडकला असेल तर ते न विसरता सांगा. शक्यतो मनगटातून करा, असं म्हणा. त्यात रक्तस्राव कमी होतो आणि माणूस त्याच दिवशी उठून बसतो.

पायरी ५ : रिपोर्टातले टक्के आणि बाकीचं

टक्केवारी ही बहुतेक वेळा डोळ्यांनी लावलेला अंदाज असतो. ५० ते ७० च्या पट्ट्यात दोन अनुभवी डॉक्टरांचे अंदाजही वेगळे येतात. अशा वेळी धमनीत बारीक तार घालून ब्लॉकच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब मोजता येतो. त्याला एफएफआर म्हणतात. आकडा ०.८० किंवा त्याखाली आला, तर तो ब्लॉक खरोखर रक्त अडवतोय. त्याच्या वर असेल तर बहुधा तो स्टेंटशिवाय सांभाळता येतो. या तारेला वेगळे पैसे पडतात. पण नको असलेला स्टेंट टळला, तर ते पैसे मला महाग वाटत नाहीत.

टक्क्यांपेक्षा जागा महत्त्वाची. डावी मुख्य धमनी ५० टक्के किंवा जास्त अरुंद असेल, तर वरचे सगळे आकडे बाजूला ठेवा. अशा रुग्णांना इस्केमिया अभ्यासात घेतलंच नव्हतं, कारण त्यांच्या बाबतीत थांबणं धोक्याचं. इको (हृदयाची सोनोग्राफी) रिपोर्टातला इजेक्शन फ्रॅक्शन पाहा, म्हणजे हृदय दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा. साधारण ५५-६० असतो. तो फार उतरलेला असेल, तर तोही वेगळा विषय.

आणि तीन धमन्यांमध्ये ब्लॉक, त्यात मधुमेह, म्हणजे आपल्याकडे नेहमी दिसणारी जोडी. इथे प्रश्न स्टेंट की गोळ्या एवढाच राहत नाही, स्टेंट की बायपास हाही होतो. २०१२ च्या फ्रीडम अभ्यासात १,९०० मधुमेही रुग्ण होते. पाच वर्षांत बायपासच्या गटात मृत्यू आणि अटॅक कमी, पक्षाघात मात्र थोडा जास्त. छाती उघडायची म्हटलं की आपण घाबरतो आणि ‘चार-पाच स्टेंट टाका पण बायपास नको’ म्हणतो. असं म्हणण्याआधी हृदयशल्यचिकित्सकाला एकदा भेटा. फक्त स्टेंट टाकणाऱ्या डॉक्टरांचं मत ऐकून हा निर्णय घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पायरी ६ : धोके, न घाबरता

ठरवून केलेल्या साध्या अँजिओप्लास्टीत जीव जाण्याचा धोका शंभरात एकापेक्षा बराच कमी असतो. धमनी फाटणं, पक्षाघात, तातडीने बायपास करावी लागणं हेही क्वचित. नळी घातलेल्या जागी रक्त साकळणं त्या मानाने जास्त दिसतं, बहुतेकदा ते आपोआप बरं होतं. वय ऐंशीच्या आसपास, मूत्रपिंड अधू, हृदय कमजोर किंवा धमनी चुन्यासारखी कडक झालेली असेल तर हे आकडे वाढतात. म्हणून ‘साधारण किती धोका’ असं न विचारता “आमच्या माणसाला किती?” असं विचारा.

पुढचे दोन धोके घरी आल्यावरचे. एक, स्टेंटच्या जागी हळूहळू पुन्हा अरुंद होणं. साध्या धातूच्या जुन्या स्टेंटमध्ये हे पाचात एकाला किंवा जास्त व्हायचं. आता वापरतात त्या औषधी लेपाच्या स्टेंटमध्ये शंभरात साधारण पाच ते दहा. दुसरा, स्टेंटमध्ये अचानक गुठळी होणं. पहिल्या वर्षात शंभरात साधारण एक, पण झालं तर तो थेट मोठा अटॅक. आणि त्याचं एक मोठं कारण आपल्या हातातलं आहे : गोळ्या मध्येच बंद करणं.

पायरी ७ : या गोळ्या खरोखर घेता येतील का?

स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या लागतात : अॅस्पिरिन आणि जोडीला क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल. स्थिर आजारात साधारण सहा महिने, अटॅकनंतर साधारण वर्ष. रक्तस्रावाचा धोका जास्त असेल तर डॉक्टर मुदत कमी करतात. त्यानंतरही एक गोळी बहुधा कायमची.

म्हणून स्टेंटच्या आधीच सांगा : मूळव्याधीचं रक्त जातं का, अल्सर होता का, हिमोग्लोबिन कमी आहे का, अॅट्रियल फिब्रिलेशनसाठी (हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी) आधीच रक्त पातळ करणारं औषध चालू आहे का. येत्या सहा महिन्यांत गुडघ्याची, हर्नियाची किंवा प्रोस्टेटची शस्त्रक्रिया ठरली आहे का. आमच्या इमारतीतल्या एका काकांची गुडघ्याची तारीख ठरलेली होती आणि ती कुणी सांगितलीच नाही. स्टेंट टाकला गेला आणि गुडघा जवळजवळ वर्षभर अडकला. तेवढे दिवस ते घरातून बाहेर पडू शकले नाहीत.

पायरी ८ : पैशांचं

२०१७ च्या फेब्रुवारीत केंद्राने स्टेंटच्या कमाल किमती बांधून दिल्या : साधा ७,२६० रुपये, औषधी लेपाचा २९,६०० रुपये. त्याआधी औषधी लेपाच्या स्टेंटला लाखाच्या वर मोजणारी माणसं मी पाहिली आहेत. नंतर या किमती महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे बदलत गेल्या, त्यामुळे त्या दिवसाची मर्यादा विचारून घ्या. बिलात स्टेंटची किंमत, नाव, कंपनी आणि बॅच क्रमांक वेगळा दाखवणं रुग्णालयाला बंधनकारक आहे. मात्र ही मर्यादा फक्त स्टेंटची. बलून, तारा, कॅथेटर, कॅथ लॅब, आयसीयूचे दिवस हे सगळं वेगळं असतं, आणि बिल फुगतं ते तिथे. अंदाजपत्रक लेखी मागा, आणि दोन स्टेंट लागले तर किती, हेही त्यात लिहून घ्या.

मेडिक्लेम असेल तर रुग्णालय कॅशलेसच्या यादीत आहे का आणि रक्तदाब-मधुमेह आधी जाहीर केला होता का, ते तपासा. नसेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण, रेशनकार्ड आणि आधार लागतं. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, आधी त्याला भेटा. मदतीचा क्रमांक १५५३८८. केईएम, सायन, नायर, जे. जे. इथे हृदयरोग विभाग आहेत. गर्दी असते, तारीख मिळायला वेळ लागतो, पण रोज इतके रुग्ण हाताळणाऱ्या डॉक्टरांचा अनुभव दांडगा असतो. स्थिर आजारात ती वाट पाहणं बहुधा परवडतं. धर्मादाय रुग्णालयांनाही कायद्याने १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला तयार ठेवा आणि रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात जा.

पायरी ९ : दुसरं मत

अँजिओग्राफीची सीडी किंवा पेनड्राइव्ह मागून घ्या. नुसता छापील रिपोर्ट पुरत नाही, दुसऱ्या डॉक्टरांना हलतं चित्र पाहावं लागतं. त्याबरोबर ईसीजी, टूडी इको, स्ट्रेस टेस्ट, क्रिएटिनिन, गोळ्यांची यादी आणि पायरी ३ मधली वही. नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांनाही विसरू नका. माणूस गोळ्या नेमाने घेणारा आहे की नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

दोन्हीकडे हेच प्रश्न विचारा :

“स्टेंटने यांचं आयुष्य वाढेल की त्रास कमी होईल?”

“गोळ्या पुऱ्या प्रमाणात देऊन झाल्या का?”

“तीन महिने थांबलो तर काय होऊ शकतं?”

“यांच्या जागी तुमचे वडील असते तर?”

शेवटचा प्रश्न आईने विचारला होता. दुसरे डॉक्टर बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “आधी गोळ्या वाढवून बघितल्या असत्या.”

आम्ही तसंच केलं. एक वर्ष छान गेलं. मग पुन्हा जिन्यात थांबावं लागायला लागलं, तीन प्रकारच्या गोळ्या चालू असूनही. डोकं दुखायचं, रक्तदाब उतरायचा, म्हणून गोळ्या आणखी वाढवता येईनात. दीड वर्षाने पुन्हा अँजिओग्राफी झाली, या वेळी तार घालून दाब मोजला, ०.७४ आला. स्टेंट टाकला. अण्णा आता दूध घेऊन एका दमात तिसरा मजला चढतात. आधी नाही म्हटलं तेही बरोबर होतं आणि नंतर हो म्हटलं तेही, असं मला मनापासून वाटतं.

पायरी १० : घरी आल्यावर

दोन गोळ्यांपैकी एकही कुणाच्याही सांगण्यावरून बंद करायची नाही. दाताच्या डॉक्टरांनी सांगितलं तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन. एकादशीला, श्रावणी सोमवारी उपास असला तरी गोळी घ्यायची. टिकाग्रेलॉर दिवसातून दोनदा असते, रात्रीची हमखास राहून जाते, म्हणून ती जेवणाच्या ताटाशी ठेवा. या गोळीने काहींना नुसतं बसल्याबसल्या श्वास पुरत नाही असं वाटतं. घाबरून ती सोडू नका, डॉक्टरांना कळवा, ते दुसरी देतात. गुडघे दुखले म्हणून डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन मेडिकलमधून परस्पर आणू नका, पोटात रक्तस्राव होऊ शकतो. अॅसिडिटीसाठी ओमेप्रॅझोल क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी करते, त्याऐवजी सहसा पॅन्टोप्रॅझोल देतात. शौच डांबरासारखं काळं झालं तर त्याच दिवशी दाखवा.

एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, ५५ च्या खाली आणायचं असतं. ‘नॉर्मल आलं, आता गोळी बंद’ असं नसतं, ते गोळीमुळेच नॉर्मल आलेलं असतं. तंबाखू, मशेरी, सिगारेट, सगळं बंद.

एमआरआय करता येतो. मॉलमधल्या, विमानतळावरच्या मशीनने स्टेंटला काही होत नाही. मनगटातून झालं असेल तर आठवडाभर त्या हाताने जड उचलू नका आणि गर्दीच्या लोकलमध्ये त्या हाताने लटकू नका.

स्टेंटचं कार्ड मिळतं, त्यावर कंपनी, माप आणि तारीख असते. त्याचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये ठेवा, एक प्रत पाकिटात. आणि गणपतीला गावी जाताना पंधरा दिवसांच्या गोळ्या जास्तीच्या घ्या, अर्ध्या हातातल्या पिशवीत आणि अर्ध्या बॅगेत. भाऊजींची बॅग एकदा गाडीतच राहिली होती, आणि गावात क्लोपिडोग्रेल मिळेपर्यंत दुसऱ्या दिवसाची दुपार झाली होती.